शेवटचा बदल – ऋषी

सोमवार, ५ जानेवारी २०२६

पुण्यात परत आलो एकदाचा. तीन वर्षं नगरला मामाच्या दुकानात लोकांचे इन्व्हर्टर दुरुस्त केले, त्यातले निम्मे खरंच दुरुस्त झाले, आणि आजपासून मी खराडीतल्या नीरज्ञान कंट्रोल्समध्ये फर्मवेअर इंजिनिअर. बोर्डावरच्या चिपमध्ये जो प्रोग्राम कायमचा बसवतात तो फर्मवेअर. आईला फोनवर हे समजावलं तर म्हणाली, म्हणजे अजून दुरुस्तीच करतोस का. असो.

खराडी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. आमचं ऑफिस त्या इमारतींच्या मागे, टायरच्या गोदामाला लागून, वर पत्रा. आम्ही सहा जण आहोत. मालक यज्ञेश्वर सर, बोलणं अगदी लोण्यासारखं, मला ‘आपण’ म्हणतात. आमचा बोर्ड काड्यापेटीपेक्षा थोडासा मोठा. सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी रिकामी झाली की टँकरचं पाणी साठवलेल्या मोठ्या टाकीकडून येणाऱ्या पाइपवरचा चार इंची व्हॉल्व्ह उघडायचा, भरली की बंद करायचा, एवढंच त्याचं काम. साडेतीनशे सोसायट्यांत हा बोर्ड आहे.

सरांनी राहायची सोयही केली. वाघोलीत जलतरंग हाइट्स नावाची सोसायटी आहे, तिथे तळमजल्यावर कंपनीचा एक रिकामा फ्लॅट आहे, तो दिला. पाणी टँकरचं, पण नाव जलतरंग. झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली सोसायटीची टाकी आणि खिडकीबाहेर पार्किंगमध्ये तिचं लोखंडी चौकोनी झाकण. मला काय, फुकटात मिळालंय.

आता खरी बातमी. माझ्याआधी या खुर्चीवर कोण होतं? फरहत! देव आहे, हे मी आज कबूल करतो.

ही वही मी दहावीपासून लिहितोय. कोणी माझं काय केलं ते सगळं यात आहे. लोक म्हणतात, सोडून दे. त्यांनी सोडावं, मी लिहून ठेवतो. फरहतसाठी तर चार पानं आहेत. वाघोलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी आमचा दोघांचा एक प्रोजेक्ट होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, कोड कोणी लिहिला. ही बया शांतपणे म्हणाली, सगळा मी लिहिलाय सर. खरं असलं म्हणून काय झालं, सांगायचं असतं का असं? तिला खराडीत नोकरी लागली आणि मला मामाचं दुकान.

बुधवार, ७ जानेवारी

दोन दिवस तिचा कोड वाचतोय. सरांच्या कॉम्प्युटरवर फोल्डरांची नावं बघा: फायनल, फायनल नवा, फायनल खरा, हाच वापरा. जुन्या प्रती ठेवायची पद्धतच नाही. ज्याने बदल केला त्याने त्या ओळीशेजारी आपलं नाव आणि तारीख टाकायची, एवढाच काय तो इतिहास. बोर्ड सुरू केला की छोट्या पडद्यावर आधी ‘शेवटचा बदल’ आणि पुढे नाव येतं. सध्या येतं फरहत. रोज पन्नासदा बघावं लागतं.

कोड चांगला आहे. हे मी फक्त इथे लिहितोय. तरी सुधारायला जागा होती. बोर्ड सुरू व्हायला चाळीस सेकंद घ्यायचा, मी नऊवर आणला. व्हॉल्व्ह उघडताना मधूनच अडकायचा, ते काढलं. चिपमधली जागाही बरीच मोकळी केली. सर म्हणाले, आपण आधीच यायला हवं होतं. मला पटलं.

बोर्डांना डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम गोदाबाई करतात. पन्नाशीच्या, वडगाव शिंदेच्या, डोळ्याला जाड चष्मा. डाग असा देतात की मशीननं दिल्यासारखा. दिवसभर एक शब्द नाही. प्रत्येक नवा बोर्ड सुरू करून पडद्यावरचं नाव मात्र न चुकता वाचतात, ओठ हलवून. मला वाटलं, शिकतायत बाई इंग्रजी अक्षरं. कौतुकच वाटलं.

शुक्रवार, ९ जानेवारी

आज जो आनंद झाला तो दिवाळीच्या बोनसलासुद्धा झाला नसता.

फरहतचं नाव कोडमध्ये दोनशे बारा ठिकाणी होतं. मी एकच आज्ञा दिली: फरहत शोध, ऋषी टाक, सगळीकडे. पापणी लवेपर्यंत दोनशे बारा. तीन वर्षं मनात धरलेलं काम एका बटणावर झालं. घड्याळ मुद्दाम पाहिलं, अकरा चाळीस. हेच फर्मवेअर सोमवारपासून सगळ्या नव्या बोर्डांत जाणार. बाईसाहेब, आता सांगा कोणी लिहिलाय ते.

बोर्ड सुरू केला. शेवटचा बदल, ऋषी. गोदाबाई उठून माझ्या टेबलाशी आल्या, वाकून नाव वाचलं, मग मला विचारलं, “ह्ये समदं तुमचंच हाय?”

म्हटलं, हो, एकूणएक ओळ माझी.

त्यांनी परत विचारलं, “झाकनाचंबी?”

झाकणाचं काय ते मला माहीत नव्हतं. पण एकदा हो म्हटल्यावर मागे कुठे येणार? म्हटलं, झाकणाचंही माझंच. त्यांनी मान हलवली, जाऊन हात धुतले आणि कुंकवाचं बोट आणून माझ्या टेबलावरच्या बोर्डाला लावलं. नव्या कामाची पूजा करतात म्हणून मीही नमस्कार केला.

सोमवार, १२ जानेवारी

सरांनी एक कागद पुढे केला. यापूर्वीच्या आणि यापुढच्या सगळ्या बदलांची जबाबदारी माझी, असं त्यावर होतं. नोकरी पक्की करायची म्हणजे हे लागतंच, म्हणाले. फरहतने सही करायला नकार दिला आणि नोकरी सोडून गेली, हेही म्हणाले. हे ऐकल्यावर मी वाचायला थांबलो नाही. जिथे तिची नाही तिथे माझी, हे तत्त्वच आहे आपलं.

एक किरकोळ गोष्ट. टेबलावरच्या बोर्डाला टाकी जोडलेली नाही, सेन्सर नाही, काहीच नाही. तरी आज पाण्याची पातळी दाखवली, चौदा सेंटिमीटर. रिकामी पिन कधीकधी भरकटते. खाली ‘झाकण उघडे’ असंही आलं. तार घालून पिन अर्थला जोडून टाकली, म्हणजे आता शून्यच यायला हवं.

मोजे ओले झालेत. दोन्ही, घोट्यापर्यंत. टायरवाल्यांनी पाणी सोडलं असणार.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

सगळ्यांना तिळगूळ वाटला. गोदाबाईंनी हात पुढे केला नाही. म्हणाल्या, आमच्यात यंदा सण नाही. वर्षाच्या आत कोणी गेलं असलं की सण करत नाहीत, हे कळायला हवं होतं मला. कोण गेलं, विचारलं. भाऊ, म्हणाल्या. सोनबा नाव. सोसायट्यांच्या टाक्या धुवायचा. दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच टाकी धुवून हवी असते. चौदा ऑक्टोबरला तो टाकीत उतरला आणि वर आलाच नाही.

कुठे, म्हटलं.

तुम्ही राहता तिथे, म्हणाल्या, आणि परत डाग द्यायला बसल्या.

बाकीचं ऑफिसच्या ड्रायव्हरकडून कळलं. वॉचमनला वाटलं, सोनबा आवरून गेला. पोरं पडतील म्हणून त्याने शिडी काढली, झाकण लावलं. टाकी रिकामी दिसली म्हणून बोर्डाने व्हॉल्व्ह उघडला. अकरा चाळीसला. सोनबा आतून झाकण ठोकत असणार. शेजारी पंपाचा आवाज, कोणालाच ऐकू गेलं नाही.

उरलेला तिळगूळ डब्यात परत टाकला. पिनेला तार जोडलेलीच आहे. पातळी अडतीस.

शुक्रवार, १६ जानेवारी

दोन दिवस झाकणाचा कोड शोधत होतो. सापडला. फरहतने नियम असा घातला होता: झाकण एकदा उघडलं की पाणी बंद. परत लावलं तरी बंद. कोणीतरी पंपाच्या खोलीत जाऊन, टाकीत कोणी नाही हे बघून, हिरवं बटण दाबायचं, मगच व्हॉल्व्ह उघडणार. हा नियम चालू असता तर सोनबा वाचलाच असता.

पण तो नियम बंद केलेला आहे. एका ओळीने. शेजारी लिहिलंय, ‘सोसायट्यांच्या तक्रारी, बटण दाबायला विसरतात, सबब बंद.’ पुढे नाव ऋषी, तारीख १ ऑक्टोबर २०२५.

पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहितो. बरं झालं, सापडली फरहत. आता जगाला दाखवतो हिने काय केलंय. मग नाव परत वाचलं. फरहत होतं तिथे मीच माझं नाव घातलंय. जुनी प्रत नाही, मी तिच्यावरच नवी बसवली. वर सही करून दिली.

आणि तिचंही नसणार ते. एक ऑक्टोबरला खंडेनवमी होती. भिंतीवर फोटो आहे: सगळे कॉम्प्युटर बंद, त्यांना झेंडूच्या माळा, डाग द्यायच्या इस्त्र्यांना हळदकुंकू. त्या दिवशी आमच्याकडे कोणी हत्याराला हात लावत नाही. ड्रायव्हर म्हणाला, प्रसाद घेऊन सगळे बाराला घरी गेले, फरहतला त्याने स्वतः कसब्यात तिच्या घरी सोडलं. मागे फक्त सर होते. कुठल्यातरी सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला होता, पाणी नाही म्हणून ओरडत होता. सर फरहतच्या खुर्चीवर बसले असणार, माळ बाजूला केली असणार आणि तिच्या नावाने ती ओळ घातली असणार. माणूस मेल्यावर तिच्यापुढे कागद ठेवला. तिने नाही म्हटलं. मी हो म्हटलं.

पातळी बासष्ट. पँट गुडघ्याच्या वरपर्यंत ओली. टायरवाल्यांकडे आज सुट्टी आहे.

सोमवार, १९ जानेवारी

सरांना जाब विचारला. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, ऋषी, ओळीपुढे आपलं नाव आहे, कागदावर आपली सही आहे, बोर्ड सुरू केला तरी आपलंच नाव येतं, मग मी यात कुठे येतो? वर म्हणाले, चहा गार होतोय.

या माणसासाठी नवीन वही घेणार आहे मी.

गोदाबाईंकडे गेलो. सांगितलं, ती ओळ माझी नाही, सरांची आहे. त्यांनी इस्त्री खाली ठेवली नाही. म्हणाल्या, फरहतचं नाव दिसत होतं तेव्हा तिला विचारलं होतं. ती नाही म्हणाली. पण नाव तिचं होतं म्हणून पुरता विश्वास बसला नाही, पुरता अविश्वासही बसला नाही. तुम्हाला दोनदा विचारलं. तुम्ही दोनदा हो म्हणालात. मी सोनबाला तसं सांगून टाकलं.

काय सांगितलं, कसं सांगितलं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

शहाण्णव. शर्टाचं टोक ओलं.

मंगळवार, २० जानेवारी

नाव बदलून पाहिलं. ऋषी शोध, फरहत टाक. दोनशे बारा बदल झाले, असं आलं. बोर्ड सुरू केला. शेवटचा बदल, ऋषी.

यज्ञेश्वर टाकलं. दोनशे बारा झाले. ऋषी.

नवीन चिप घेतली. कोरी. आत काहीच घातलं नाही. वीज दिली.

ऋषी. पातळी एकशे सोळा. झाकण उघडे.

बुधवार, २१ जानेवारी

ऑफिसला गेलो नाही. पलंगावर बसून होतो. अकरा चाळीसला फरशीखालून ठोकल्याचा आवाज आला. तीन वेळा, थांबून परत तीन वेळा. बाहेर लख्ख ऊन, पोरं क्रिकेट खेळत होती, कोणी वळूनही बघितलं नाही.

खाली वाकून म्हटलं, सोनबा, मी नाही. यज्ञेश्वर. खराडी. पत्ता सांगितला. मोबाईल नंबरसुद्धा सांगितला.

ठोकणं थांबलं. वाटलं, गेला.

मग पलंगाच्या बरोबर खाली. एकदाच.

एकशे सदतीस. कोरडा शर्ट घातला, तो छातीपर्यंत ओला झाला. नळ बंद आहे. टाकीचं पाणी आहे हे, शेवाळाचा वास येतोय –

गुरुवार, २२ जानेवारी

नगरची बस धरली. लोणीकंदच्या पुढे कंडक्टरने खाली उतरवलं. सीटवरून पाणी वाहत होतं. लोक शिव्या देत होते.

रस्त्याच्या कडेला उभा राहून फरहतला फोन केला. तीन वर्षांनी. म्हटलं, तुझं नाव परत घे, तू म्हण कोड माझा आहे, एकदाच म्हण, मोठ्याने म्हण.

ती म्हणाली, थांब, आधी ऐक. मग सांगितलं. दिवाळीपासून तिलाही दिसायची पातळी. घरच्या टेबलावर, कसब्यात, नुसत्या बोर्डावर. रोज वाढायची, पण तिने गोदाबाईंना नाही म्हटल्यावर एकशे एकोणसाठला अडकून राहिली. तिची उंची एकशे बासष्ट. अडीच महिने ती हनुवटी वर करून झोपली. नऊ जानेवारीला अकरा चाळीसला आकडा शून्यावर गेला. का गेला ते तिला आज कळलं, माझ्याकडून.

थँक यू म्हणाली. खरंच म्हणाली.

मग म्हणाली, परीक्षकांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं होतं, तुलाही खरंच सांगते. ती ओळ माझी नाही.

मी रडलो. ती म्हणाली, नियम परत चालू कर, हिरवं बटण दाब, आणि फोन ठेवला.

एकशे एकावन्न.

माझी उंची एकशे एकाहत्तर.

शुक्रवार, २३ जानेवारी

१०.३० – पंपाच्या खोलीत आहे. ओळ काढली. झाकणाचा नियम चालू केला. सोसायटीच्या बोर्डात नवं फर्मवेअर घातलं. पडद्यावर आलं, झाकण उघडे, हिरवे बटण दाबा. झाकण बंद आहे. दोनदा बघून आलो. बटण दाबलं. परत तेच. दाबलं. अंगठ्याचं कातडं निघालं.

सरांना निरोप पाठवला, आज तुमचं सगळं जगाला सांगतो. त्यांनी हसरा चेहरा पाठवला.

पोलिसांना दाखवायला ही वही. सही केलेल्या कागदाची प्रत खोलीत आहे. ती घेऊन निघतो.

११.१५ – खोलीत आलो. दार मागे लागलं. उघडत नाही.

खिडकी नाही. होती. नुसती भिंत. हिरवट.

पाणी खालून. एकशे साठ. मला आता बोर्ड लागत नाही, अंगावरच कळतं.

वही डोक्यावर धरून लिहितोय

११.३१ – छताला चौकोन दिसतोय. लोखंडी. पलंगावर चढलो, हात पोचतो. ठोकलं. तीनदा.

वर माणूस आहे. चप्पल वाजली. गोदाबाई आहेत, आवाज ओळखला. ओरडून सांगितलं, पंपाच्या खोलीत जा, हिरवं बटण दाबा, आत माणूस आहे. हो म्हणाल्या. बटण माहीत आहे म्हणाल्या. रोज तेच तर जोडते.

गेल्या नाहीत. विचारतायत, आत कोण आहे.

माझं नाव सांगितलं तर त्या बटण दाबणार नाहीत. सरांचं सांगितलं. चप्पल झाकणाच्या आणखी जवळ वाजली. मग म्हणाल्या, मालक पण येईल, त्याची ओळ तुम्ही काढलीत ना आज, आता त्याला लपायला तुमचं नाव राहिलं नाही. त्याचं तो सांगेल. तुमचं तुम्ही सांगा.

पलंग तरंगतोय

एकशे सत्तर. परत विचारतायत, झाकणाचं कोणाचं. दोनदा हो म्हटलं होतं. आता नाही म्हणतोय, ओरडून, तोंडात पाणी – माझं नाही, माझं काहीच नाही, दोनशे बारापैकी एकही ओळ माझी

अकरा चाळी